सोयाबीनची खालची पानं पिवळी पडली तेव्हा

आमचं रान औसा तालुक्यातलं, भारी काळं. पेरणीला महिना होतो न होतो तोच सखल तुकड्यात सोयाबीनची खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. औषधाच्या दुकानात गेलो तर 'लोह कमी पडलंय' म्हणून फेरस सल्फेट गळ्यात मारलं. फवारलं, काडीचा फरक नाही. पडणारही नव्हता. लोहाची कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते, शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. माझी पिवळी होती ती बुडाची जुनी पानं, म्हणजे नत्राची ओढ. झाड जुन्या पानातलं नत्र काढून शेंड्याला देतं.

मग खुरप्यानं चार झाडं मुळासकट उकरली. (हे आधी करायला हवं होतं, पण फवारणीची घाई नडते.) मुळावर गाठी मोजक्याच. याच गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र झाडाला देतात. नखानं फोडल्या तर आत हिरवट-पांढऱ्या. काम करणारी गाठ आतून गुलाबी-लाल असते. आठ दिवस पाणी साचलं होतं, मुळाला हवाच नव्हती. शिवाय त्या तुकड्यातल्या बियाण्याला मी रायझोबियम (गाठी धरवणारं जिवाणू खत) लावलंच नव्हतं.

आधी चर काढून पाणी बाहेर काढलं, वापसा (मशागतीजोगी ओल) येताच कोळपणी केली. मग २ टक्के युरियाची फवारणी, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम, संध्याकाळच्या वेळी. आठ-दहा दिवसांत नवी पानं हिरवीगार आली. गळलेली गेलीच.

पुढच्या वर्षी तो तुकडा बीबीएफनं, म्हणजे रुंद वरंबा-सरी पद्धतीनं पेरला. बियाण्याला आधी बुरशीनाशक, शेवटी १० किलोला २५० ग्रॅम रायझोबियम, सावलीत सुकवून.