बाळंतिणीच्या गोळ्या, बाळाचे थेंब : या चुका टाळा

कोल्हापुरात बाळंतिणीच्या खाण्यापिण्यात कुणी हात आखडता घेत नाही. अळीव, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, तूप, आणि ज्या घरी चालतं तिथं पायाचं सूप. ही माया मोलाचीच आहे. पण याच घरांतून एक समज घट्ट बसलेला असतो : आई चांगलं खाते, गोळ्या घेते, म्हणजे बाळाला दुधातून सगळं मिळतं. काही जीवनसत्त्वं मिळतात, काही मिळत नाहीत. बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात.

ड जीवनसत्त्व आईच्या दुधात फारच थोडं उतरतं. कॅल्शियमच्या गोळीतलं ड तिच्या स्वतःच्या गरजेपुरतं असतं. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांपासून वर्षाचं होईपर्यंत रोज ४०० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक) थेंबांतून द्यावं लागतं. कोवळ्या उन्हावर भिस्त ठेवू नका. सकाळी सातच्या उन्हात ड तयार करणारे किरण नगण्य असतात, त्यात बाळ टोपडं-दुपट्यात गुंडाळलेलं. आणि तापल्या उन्हात धरलं तर नाजूक कातडी भाजते. "आमच्या वेळंला कुठं हुतं हे थेंब?" असं सासूबाई म्हणतात, तेव्हा त्यांना मुडदुसाची आठवण करून द्या. पाय वाकलेली पोरं त्यांनीही पाहिलेली असतात.

थेंब सुरू केल्यावरची चूक जास्त धोक्याची. बाजारात एका मिलीत ४०० आययू असलेली बाटली मिळते, तशीच ८०० वालीही मिळते. पहिलीतून एक मिली द्यायचं, दुसरीतून अर्धाच. पहिली बाटली संपली, दुकानात ती नव्हती, दुसऱ्या कंपनीची आणली आणि ड्रॉपर सवयीनं वरच्या रेघेपर्यंत भरला, की रोज दुप्पट डोस. तेव्हा बाटली बदलली की लेबल वाचा, त्याच बाटलीचा ड्रॉपर वापरा, आणि किती मिली ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. मल्टिव्हिटॅमिनचे थेंब चालू असतील तर त्यातलं ड मोजायला विसरू नका. मोठ्यांची ६०,००० आययूची आठवड्याची पुडी किंवा कॅप्सूल बाळाच्या औषधांपासून लांब ठेवा. बाळ वारंवार उलटी करतंय, दूध नाकारतंय, शी घट्ट झाली, लघवी फार वाढली, तर थेंब थांबवून बाटलीसकट दवाखाना गाठा. एखाद्या दिवशी द्यायचं राहिलं, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका.

बी-१२ चं मात्र उलटं आहे. ते दुधातून बाळाला मिळतं, पण आईच्या अंगात असेल तरच. आपल्या जिल्ह्यात तांबडा-पांढरा रस्सा कितीही गाजलेला असो, अंड्यालाही हात न लावणारी घरं पुष्कळ आहेत, आणि एरवी मटण खाणाऱ्या घरांतही बाळंतिणीचं ते बंद करतात. पालक, शेवगा, गूळ यांत बी-१२ नसतं. शाकाहारात ते दूध, दही, ताक यांतून येतं, आणि घोटभर चहातलं दूध त्याला पुरत नाही. शिवाय फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसू शकतो, आणि आतली बी-१२ ची कमतरता झाकलेलीच राहते. अशा आईचं बाळ सुरुवातीला गुटगुटीत दिसतं. मग सहा-आठ महिन्यांच्या सुमारास हसेनासं होतं, सावरलेली मान पुन्हा टाकतं, फिकट दिसतं, बोटांच्या पेरांवर काळपटपणा येतो, केस विरळ पिंगट होतात, पुढे हात थरथरू लागतात. "जरा आळशी आहे" म्हणून वाट पाहू नका. वेळेत उपचार मिळाले तर मूल झपाट्यानं सावरतं, उशीर झाला तर मेंदूवरचा परिणाम मागे राहू शकतो. शाकाहारी आईनं गरोदरपणातच बी-१२ तपासून घ्यावं, म्हणजे ही पाळीच येणार नाही.

लोहाची लाल गोळी बाळंतपण झालं की बंद करतात. ती पुढे १८० दिवस घ्यायची असते, आणि कॅल्शियमची रोज दोनदा सहा महिने. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही, निदान दोन तासांचं अंतर हवं. गोळीवर लगेच चहा नको. लोहाच्या गोळीनं आईची शी काळी होते, त्याला घाबरू नका.

गुटी, मध, साखरपाणी यांनी जीवनसत्त्व मिळत नाही. सहा महिने फक्त अंगावरचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नका.

के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन जन्मताच दिलं जातं, कारण दुधात तेही अपुरं असतं. बाळंतपण सीपीआर या सरकारी रुग्णालयात झालेलं असो वा खासगीत, डिस्चार्ज कार्डावर त्याची नोंद शोधा, नसेल तर त्याच दिवशी विचारा. अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस, एक लाख आययू, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला लसीबरोबर असतो. लस खासगीत घेतली आणि डोसही तिथंच दिला असेल, तर तारीख कार्डावर लिहून घ्या आणि अंगणवाडीत किंवा आशाताईंना सांगा, म्हणजे तोच डोस दोनदा पाजला जाणार नाही.