मान दुखते म्हणून उशी घेताय? या चुका टाळा

"मान आणि खांदा दुखतोय, कोणती उशी घेऊ?" गेली पंधरा वर्षं मी फिजिओथेरपीचं काम करते आणि हा प्रश्न आठवड्यातून तीन-चारदा तरी येतोच. मी उलट विचारते, "तुम्ही झोपता कसे?" यावर बरेच जण गप्प होतात. कोणत्या कुशीवर झोप लागते, सकाळी जाग येते तेव्हा हात कुठे असतो, गादी मऊ आहे की कडक, यातलं काही ठाऊक नसतं. नवी उशी मात्र मागवून झालेली असते.

त्याही आधी एक गोष्ट बघा. दुखणं सकाळी उठल्या उठल्या सर्वात जास्त असतं आणि हिंडूफिरू लागल्यावर तास-दोन तासांत उतरतं, तर उशीवर संशय घ्यायला जागा आहे. सकाळी मान मोकळी आणि संध्याकाळी ठणका, असं असेल तर दिवसभर तुम्ही कसे बसता ते आधी तपासा. त्या दुखण्याला उशी बदलून फरक पडत नाही.

हाताने दाबून उशी पसंत करणं

ही चूक मला सर्वात जास्त खटकते. उशी हातात घ्यायची, दोनदा दाबायची, "मऊ आहे हं" म्हणायचं आणि घरी आणायची. डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो असतं. ते रात्रभर उशीवर टेकल्यावर उशी किती दबते आणि दबून किती उंच उरते, प्रश्न त्या उरलेल्या उंचीचा आहे.

मानेत सात मणके असतात आणि त्यांना पुढच्या बाजूला हलका बाक असतो. उताणं झोपल्यावर हा बाक भरून निघेल एवढीच उशी लागते. कुशीवर झोपल्यावर कान आणि गादी यांच्यात खांद्याच्या रुंदीएवढी पोकळी राहते, ती भरायला जास्त उंच उशी लागते. पण मऊ गादीत खांदा आत रुततो, पोकळी कमी होते आणि तीच उशी उंच पडायला लागते. म्हणजे रुंद खांद्याच्या माणसाची उशी त्याच्या बारीक चणीच्या बायकोला चालेलच असं नाही, आणि गादी बदलली की जुनी उशीही चालेनाशी होऊ शकते.

हे मी एका पेशंटकडून शिकले. चाळिशीच्या बाई, मानेच्या उजव्या बाजूपासून खांद्याच्या फऱ्यापर्यंत दुखायचं. आठ महिन्यांत चार उशा घेऊन झाल्या होत्या. एक दिवस चारही उशा मोठ्या पिशवीत घालून घेऊन आल्या. मी त्यांना तपासणीच्या टेबलावर कुशीवर झोपवलं आणि एकेक उशी लावून पाहिली. तिसरी अगदी बरोबर बसली, मान सरळ रेषेत. "हीच वापरा," म्हणून सांगितलं. दहा दिवसांनी बाई परत आल्या, दुखणं वाढलेलं.

मग मुलाला रात्री पाठीमागून फोटो काढायला सांगा म्हटलं. फोटो पाहिला आणि चूक लक्षात आली. घरी त्यांनी वर्षापूर्वी जाड, मऊ गादी घेतली होती. खांदा तिच्यात पार बुडालेला आणि उशीने डोकं छताकडे ढकललेलं. माझं टेबल कडक, तिथे खांदा रुततच नव्हता. मग त्यांची सर्वात पातळ उशी घेतली, अभ्र्यात उशीखाली टॉवेलाची घडी घातली आणि दर दोन-तीन रात्रींनी घडी कमी-जास्त करत योग्य उंची शोधली. ती पसंत केलेल्या उशीपेक्षा चार सेंटिमीटरनी कमी निघाली. तीन आठवड्यांत सकाळचं दुखणं बरंच उतरलं. त्या दिवसापासून टेबलावर पाहून मी कुणालाच उशी सांगत नाही.

तुम्हीही असंच करा. स्वतःच्या गादीवर, नेहमीच्या कुशीवर दहा मिनिटं पडून राहा, म्हणजे उशी पुरती दबेल. मग घरातल्या कुणाला तरी मागून फोटो काढायला सांगा. पाठीचा कणा, मान आणि डोक्याचा मधोमध भाग एका रेषेत आणि गादीला समांतर हवा. समोरून पाहिलं तर नाक आणि छातीचं मधलं हाड एका ओळीत दिसायला हवं. डोकं गादीकडे कललं तर टॉवेलाची एक घडी वाढवा, छताकडे गेलं तर कमी करा. उताणं झोपत असाल तर हनुवटी बघा. ती गळ्याकडे दबली तर उशी उंच आहे, छताकडे उचलली गेली तर कमी आहे. उंची सापडली की मगच खरेदीला निघा. जुना टॉवेल हाताशी असताना थेट महागडी उशी मागवायची घाई मला कळत नाही.

नावाला भुलणं

'सर्व्हायकल' (मानेचं), 'ऑर्थोपेडिक' (हाडा-सांध्यांचं) हे शब्द वेष्टनावर असले म्हणजे ती उशी तुमच्या मानेच्या मापाची झाली असं होत नाही. मेमरी फोमच्या जाहिरातीत 'नासा'चं नाव हमखास असतं. तो फोम 1966 मध्ये नासाच्या संशोधनातून निघाला हे खरं, पण विमानातल्या आसनांच्या गादीसाठी. तुमच्या मानेची उंची त्यात कुणी मोजलेली नव्हती. हा फोम अंगाच्या उबेने मऊ होतो आणि थंडीत कडक लागतो, म्हणून दोन मिनिटं डोकं टेकवून काही समजत नाही. रात्री सारखी कूस बदलणाऱ्यांना त्यातला खळगा अडतो, त्यांना मी लॅटेक्सची, म्हणजे रबरी फोमची उशी सुचवते, कारण ती लगेच वर येते.

लाटेसारख्या आकाराच्या उशीला एक उंच आणि एक कमी उंचीचा कडा असतो. कडा मानेखाली यायला हवा. कित्येक जण त्यावर डोक्याचा मागचा भाग ठेवतात आणि उशीलाच नावं ठेवतात.

खांदा उशीवर घेणं

उशी मान आणि डोक्यासाठी आहे. खांदा गादीवरच हवा.

हात उशीखाली घालून झोपणं

खांदा दुखणाऱ्यांपैकी खूप जणांना ही सवय असते आणि ती कुणी विचारत नाही. कुशीवर झोपून खालचा हात डोक्याखाली घातला की खांदा कानाकडे चढतो आणि रात्रभर तसाच दबून राहतो. बहुतेक वेळा उशी कमी उंचीची असल्यामुळेच हात तिथे जातो, म्हणून आधी उंची सुधारा. वरचा हात पुढे लोंबकळला तर तोही खांदा ओढतो. त्यासाठी छातीशी एक उशी कवटाळून घ्या. दुखऱ्या खांद्यावर झोपू नका हे वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतं.

पालथं झोपून उशीत उपाय शोधणं

पालथं झोपलं की श्वास घ्यायला मान एका बाजूला वळवावीच लागते आणि ती तासन्‌तास तशीच राहते. अगदी पातळ उशी घेतलीत तरी हा पीळ सुटत नाही. छातीशी उशी धरून हळूहळू कुशीवर यायची सवय लावा.

एका रात्रीत निकाल लावणं

"काल घेतली, आज मान अवघडली, परत केली." हे ऐकून मला मनापासून वाईट वाटतं. वर्षानुवर्षं एका उंचीवर झोपलेले स्नायू पहिले काही दिवस कुरकुरणारच. मी दोन आठवडे देते आणि रोज सकाळी वहीत दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा लिहायला लावते. आठवणीवर विसंबलं की कालचं दुखणं आज वेगळंच वाटतं. आकडा हळूहळू उतरत असेल तर थांबा. दर तीन दिवसांनी उशी बदलणाऱ्याला कोणती चालली आणि कोणती नाही हे कधीच कळणार नाही.

'उशीच काढून टाका' हा सल्लाही असाच फोफावला आहे. उताणं झोपणाऱ्या एखाद्याला तो मानवेल. कुशीवर झोपणाऱ्याने ऐकला तर मान रात्रभर खाली लटकते.

मेलेली उशी सांभाळणं

फायबरची उशी मधोमध दुमडून सोडा. ती उलगडून पूर्ववत झाली नाही तर काम संपलं.

सगळा दोष उशीवर ढकलणं

दुखणं मानेतून हातात उतरत असेल, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल, वस्तू हातातून निसटत असतील, चालताना तोल जात असेल, तर उशीची खरेदी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, ताप येऊन आखडलेली मान, यात तर एक दिवसही थांबू नका. आणि खांदा-हात दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप असेल तर थेट रुग्णालय गाठा.