मानेची नस ओढून मोकळी होत नाही: या चुका टाळा

मानेच्या मणक्यातून बाहेर पडणारी नस मुळाशी दबली किंवा सुजली की मान कमी दुखते आणि हात जास्त. कळ खांद्यामागून दंडात उतरते, बोटांत मुंग्या येतात, रात्री कूस सापडत नाही. अंगठ्यात मुंग्या असतील तर बहुधा मानेची सहावी नस, मधल्या बोटात असतील तर सातवी, करंगळीत असतील तर आठवी. दुखणं जुनं झालेले पेशंट आम्हा फिजिओथेरपिस्टकडे येतात तेव्हा घरी बरंच काही करून झालेलं असतं. त्यातल्या काही गोष्टींनीच दुखणं लांबलेलं असतं.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे नसेला स्नायूसारखं ताणणं. दाराच्या चौकटीला तळवा टेकवायचा, कोपर सरळ करायचं, मान उलट्या बाजूला झुकवायची आणि मुंग्या येईपर्यंत तसंच थांबायचं, हा व्यायाम मोबाइलवर सगळीकडे फिरतोय. शिवणकाम करणाऱ्या एक मावशी माझ्याकडे आल्या, त्या हाच व्यायाम सकाळ-संध्याकाळ नेमाने करत होत्या. उजव्या हाताची कळ मधल्या बोटापर्यंत जायची. मुंग्या आल्या म्हणजे नस मोकळी होतेय, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. जितक्या मुंग्या जास्त तितका त्या ताण वाढवायच्या. शेवटी कात्री धरवेना, आणि रात्री हात डोक्यावर ठेवल्याशिवाय झोप लागेना. हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, ही मानेच्या नसेची ओळखीची खूण आहे, कारण त्या स्थितीत नसेच्या मुळावरचा ताण उतरतो. म्हणजे त्यांचं शरीर रात्री नसेला ढील देत होतं आणि दिवसा त्या तीच नस ओढत होत्या.

पहिल्या दिवशी मी त्यांना एकही नवा व्यायाम दिला नाही. ताणणं बंद करायला लावलं, बसताना हाताखाली उशी आणि शिवताना तासाने उठायचं, एवढंच सांगितलं. मग त्यांना उताणं झोपवून, डोकं दोन्ही हातांत धरून, मान न झुकवता दुखऱ्या बाजूकडून उलट बाजूला हलकेच सरकवायला सुरुवात केली. बघणाऱ्याला वाटेल, हे काहीच करत नाहीत. पण त्याने नस बाहेर पडते ती जागा थोडी मोकळी होते आणि नसेवर ओढ येत नाही. हाताची कळ वाढली तर मी तिथेच थांबते, दाबून पुढे जात नाही. नंतर घरी करायला नस सरकवण्याचा व्यायाम दिला: कोपर सरळ करताना मान त्याच बाजूला झुकवायची आणि कोपर दुमडताना उलट बाजूला. एका टोकाला ढील, दुसऱ्या टोकाला हलकी ओढ. मुंग्या आल्या तर हालचाल कमी करायची. कात्री हातात यायला वेळ लागला, झोप त्याआधी परत आली.

नव्या फिजिओंनाही हेच सांगते. पहिल्याच भेटीत पेशंटला फरक दाखवायची घाई करू नका. चिडलेल्या नसेला तुमचा जोर कळतो आणि तिचं उत्तर रात्री मिळतं. म्हणून मी दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न रात्रीचाच विचारते.

दुसरी चूक म्हणजे मान मोडून घेणं. केस कापून झाल्यावर खुर्चीतच मानेला दिलेला तो झटका मला बघवत नाही. ‘कट’ आवाज म्हणजे मणक्यांमधली गादी जागेवर बसली नव्हे. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रोहिण्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर जातात, आणि झटक्याने त्यांचं अस्तर फाटू शकतं. असं क्वचित होतं, पण झालं तर पक्षाघात होऊ शकतो. हाताला नसेची कळ असताना मी मानेला झटका देत नाही. पाठीच्या वरच्या भागातला ताठरपणा सोडवला तरी मान बरीच हलकी होते.

एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली म्हणून घाबरून हालचाल बंद करणं हीही चूकच. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात काहीही त्रास नसलेल्या १,२११ जणांच्या मानेचे एमआरआय पाहिले, त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या गादीला फुगवटा होता. रिपोर्ट आणि लक्षणं जुळली तरच त्याला अर्थ.

मानेचा पट्टा सुरुवातीच्या काही आठवड्यांत आराम देतो, जुन्या दुखण्यात महिनोन्‌महिने घातला तर स्नायू दुबळे होतात. मान वर ओढण्यासाठी दारावर टांगून वजन लावायचा संच स्वतःच्या मनाने आणू नका. खांद्याच्या गाठी अंगठ्याने रगडून घेतल्या तरी मुळाशी दबलेली नस तशीच राहते. नुसती मशीन लावून, शेक घेऊन घरी जाणाऱ्यांबद्दल मला वाईट वाटतं, कारण वेळ आणि पैसा दोन्ही जातात. आणि कळ थांबली की व्यायाम सोडणं: तेव्हाच तर उताणं झोपून हनुवटी हलकेच आत घेण्याचे, खांद्याची पाती मागे ओढण्याचे व्यायाम वाढवायचे असतात.

शर्टाची बटणं लावताना बोटं चुकत असतील, चालताना तोल जात असेल, हाताची ताकद झपाट्याने कमी होत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर मानेला कुणाचाही हात लावू देऊ नका, आधी मणक्याच्या डॉक्टरांना गाठा. मानेत कधी नव्हे अशी अचानक तीव्र वेदना आणि सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं किंवा बोबडं बोलणं असेल तर थेट हॉस्पिटल. डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण आणि घाम असेल, तर मानेचा विचार नंतर, ईसीजी आधी.