सीलपॅक गेम विकायचाय? ‘नवा’ लिहायचं की ‘जुना’?

वाढदिवसाला एकच गेम दोघांनी दिला, किंवा पीएस५ (प्लेस्टेशन ५ हा गेम खेळायचा कन्सोल) घ्यायचा बेत बारगळला आणि आधीच आणलेली डिस्क कपाटात पडून राहिली. प्लास्टिक शाबूत आहे. आता ओएलएक्सवर काय लिहायचं? माझं मत सांगतो: नुसतं ‘नवा’ लिहू नका, आणि ‘जुना’ लिहून हातची किंमतही घालवू नका. डबा उघडलाय का आणि तो कोणाच्या हातून येतोय, हे दोन्ही लिहा.

१. सील नीट बघा. कारखान्यातलं प्लास्टिक सहसा भेटवस्तूच्या कागदासारखं कडेला दुमडून चिकटवलेलं असतं. हीट गनने नंतर चढवलेल्या प्लास्टिकला बहुधा कडेने वितळलेली शिवण आणि हवा जायला बारीक भोकं दिसतात. तशी दिसली तर ‘सीलपॅक’ म्हणताना जपून. श्रिंक रॅपचा रोल कोणालाही विकत मिळतो, त्यामुळे सील हा काही पक्का पुरावा नव्हे.

२. बिल शोधा. खरा फरक इथे पडतो. गेमऐवजी सीलपॅक कन्सोलच विकत असाल, तर पीएस५ ची वॉरंटी एक वर्षाची असते आणि ती खरेदीच्या तारखेपासून मोजतात. खोका उघडला नसला तरी बिल आठ महिन्यांपूर्वीचं असेल, तर घेणाऱ्याला चारच महिने उरतात. मग तो कन्सोल त्याच्यासाठी नवा कसा? बिलाचा फोटो टाका, फक्त आपला पत्ता आणि मोबाइल नंबर झाका.

३. आत काय शिळं झालंय ते पाहा. डब्यातल्या बोनस कोडला (जो टाकला की गेममध्ये जादा गोष्टी मिळतात) मुदत असू शकते. ऑनलाइन गेमचं तर आणखीच अवघड: ‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’ २०१७ चा, त्याची ऑनलाइन सेवा ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाली. त्याची सीलबंद डिस्क आजही कोरी करकरीत मिळेल, पण ऑनलाइन शर्यती गेल्या त्या गेल्याच.

४. जाहिरात अशी लिहा: ‘पीएस५ गेम, सीलपॅक, न वापरलेला. भेट मिळालेला, म्हणून विकतोय. बिल आहे. कोडची खात्री देत नाही. भेटायचं ठिकाण: कॉलेज रोड, नाशिक.’

५. किंमत छापील किमतीच्या खाली ठेवा. डब्यावर ४,९९९ आहे आणि तुम्हीही तेवढेच मागताय, तर माणूस एमजी रोडवरच्या दुकानातून पक्क्या बिलावर का नाही घेणार?

दुकानदारांनी मात्र जास्त सांभाळावं. गिऱ्हाइकाकडून परत घेतलेला सीलपॅक माल वेगळ्या कप्प्यात ठेवा, तसं लेबल लावा आणि बिलावरही लिहा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेकंड हँड माल नवा म्हणून खपवणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि गिऱ्हाईक १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करू शकतं.

आता भेटीच्या वेळचा नेहमीचा वाद. घेणारा म्हणतो, आधी फोडून दाखवा. तुम्हाला माहीत असतं की फोडला आणि त्याने नाही म्हटलं, तर भाव पडला. हे फोनवरच ठरवून घ्या. पैसे आधी, मग त्यानेच आपल्या हाताने सील फोडायचं, दोघांनी व्हिडिओ काढायचा आणि आत डिस्क नसेल किंवा दुसरीच निघाली तर पैसे तिथल्या तिथे परत.