हाय-फायचे नसते उद्योग: काय खरंच चालतं आणि काय नुसतं डोक्यात वाजतं

माझ्या खोलीत तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे त्याचा सगळ्यात खालचा सूर, गायब व्हायचा. रेकॉर्ड चांगली, अ‍ॅम्प चांगला, स्पीकर दोन वर्षं पैसे साठवून घेतलेले, आणि तरी ख्याल लावला की तानपुरा वरच्यावर नुसता छनछनतोय, खाली पाया नाहीच, कट नसलेली मिसळ खाल्ल्यागत. जिथं अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायले त्या कोल्हापुरात बसून जयपूर घराण्याचं गाणं बिनखर्जाचं ऐकायचं म्हणजे लाजच की. मग काय, वायर बदलली, वायरखाली रिळं लावली, स्पीकरखाली नाही नाही ते घातलं, सीडीच्या कडा रंगवल्या. खर्ज शेवटी कुठं सापडला ते सांगतो, पण आधी या उद्योगांचंच बघू, कारण त्यातले दोन-चार खरंच चालतात आणि चालणारे कुठले, न चालणारे कुठले हे ओळखायची एक सोपी खूण आहे.

ती खूण मिरजेची. तिथं तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी खुलावट, लावताना तारा टेकतात त्या घोडीवर तारेखाली साधा सुती दोरा सरकवतात, दोरा केसभर इकडंतिकडं झाला तरी आवाज खुलतो नाहीतर बसतो. दोऱ्याची किंमत शून्य, पण तो थरथरणाऱ्या तारेला शिवतोय म्हणून फरक पडतो. तर कुठलीही युक्ती कुणी सांगितली की एवढंच विचारायचं, ही वस्तू हलणाऱ्या कशाला शिवते का? सुईला, स्पीकरच्या पडद्याला, खोलीतल्या हवेला? शिवत असेल तर वस्तू कितीपण फालतू दिसू दे, करून बघा. नसेल शिवत तर खिशाला हात घालू नका.

पहिला नंबर सायकलच्या ट्यूबचा. आमचं घर गंगावेशीतलं जुनं, मी माडीवर, खाली लाकडी तुळया, त्यामुळं आई चहा घेऊन वर आली की शेवटच्या पायरीपासनंच सुई नाचायला लागायची आणि गायक एकदम अस्ताईतनं अंतऱ्यात. यावर इलाज असा: लहान पोरांच्या सायकलची १२ इंची ट्यूब घ्यायची, पंक्चरवाल्याकडची जुनी चालते पण हवा धरणारी पाहिजे. ती टेबलावर आडवी ठेवायची, व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला येईल अशी, तिच्यावर कडप्प्याचा तुकडा, साधारण १८ बाय १४ इंच आणि इंचभर जाड, म्हणजे १०-११ किलो वजन होतं, आणि त्याच्यावर टर्नटेबल. आता इथं सगळे चुकतात, ट्यूब टम्म फुगवतात. हवा एवढीच भरायची की कडप्पा टेबलापासून जेमतेम उचलला जाईल आणि बोटानं दाबून सोडला की सावकाश वरखाली होईल, सेकंदाला दोन-तीन वेळा. आर्म म्हणजे सुईचा दांडा आणि कार्ट्रिज म्हणजे सुई बसते तो भाग, दोन्ही मिळून त्यांची स्वतःची थरथर साधारण ८ ते १२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा असते, तुमचा कडप्पा त्याच्या बराच खाली डुलला पाहिजे, टम्म ट्यूबवर तो त्याच्याच आसपास थरथरतो आणि मग फायद्याऐवजी तोटा. वरनं पाणसळ लावून लेव्हल बघायची आणि आठ-दहा दिवसांनी हवा तपासायची. आता आई माडीवर काय पण करू दे, सुई हलत नाही. खाली सिमेंटचा स्लॅब असेल तर मात्र यातलं काहीच करायची गरज नाही, उगाच ट्यूब आणू नका.

दुसरी युक्ती बघून लोक डोक्याला हात लावतात. कळकटलेल्या एलपीवर फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद ओतायचा, जुन्या एटीएम कार्डानं सगळ्या खाचांवर सारखा पसरायचा, मधलं लेबल सोडून, आणि पूर्ण वाळला की सापाच्या कातीसारखा अख्खा सोलून काढायचा. खाचेतली धूळ गोंदाबरोबर येते. थर जाड पाहिजे, पातळ लावला तर तुकडे पडतात आणि मग नखानं टोकरत बसायचं. आधी टाकाऊ रेकॉर्डवर करून बघा. लाखेच्या जुन्या ७८ च्या तबकड्यांवर हे अजिबात करायचं नाही, गोंद लाखेला धरून बसतो, आणि त्यांना स्पिरिट पण लावायचं नाही, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आणि पावसाळ्यात तर नावच काढू नका. मी शहाण्यानं जुलैत लावला, बाहेर चार दिवस झड लागलेली, गोंद वाळंना, तिसऱ्या दिवशी पण बोट लावलं की चिकट, शेवटी बायकोनं पंख्याखाली ठेवलेली ती रेकॉर्ड पाहुण्यांना ताट वाटली.

आता जे हलणाऱ्या कशाला शिवत नाही त्याच्याकडं येऊ. १९९० च्या सुमाराला सीडीच्या कडेला हिरवा मार्कर फिरवायचं खूळ निघालं होतं, म्हणे भरकटलेला लेसरचा उजेड हिरवा रंग शोषून घेतो. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे इन्फ्रारेड, आपल्याला दिसणाऱ्या हिरव्या-लाल रंगाचा त्याच्याशी काय संबंध? आणि वाचताना थोड्या चुका झाल्याच तर प्लेअर त्या गणित करून दुरुस्त करतो, तशी सोयच सीडीत केलेली आहे. माझ्या पाच सीडी अजून हिरव्यागार आहेत, बघितलं की हसू येतं.

याचा कळस म्हणजे इंग्लंडातला पीटर बेल्ट. १९८० च्या दशकात त्यानं सांगितलेले उपाय लोक खरंच करायचे: चार पायांच्या कुठल्याही वस्तूच्या एका पायाखाली कागदाची घडी घालायची, स्वतःचा फोटो फ्रीझरमध्ये ठेवायचा, आणि मग सिस्टीमचा आवाज सुधारतो. मी दोन्ही केलं. फोटो पासपोर्ट साइजचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मटारच्या मागं. आठवड्यानं बायकोनं हाक मारली, "अहो, हे तुम्ही इथं काय करताय?" खरं सांगू का, त्या आठवड्यात आवाज मला चांगला वाटत होता. नीट लक्ष देऊन, दिवा मालवून, फरक शोधत ऐकलं की रोजचीच रेकॉर्ड पण नवी वाटते, त्यात फोटोचं काही नाही.

म्हणून कुठलीही युक्ती पास करायच्या आधी परीक्षा घ्या. घरातलं कुणीतरी पाहिजे, माझा धाकटा भाऊ आहे. मी टेबलाकडं पाठ करून बसतो, तो नाणं उडवून छापा आला तर कागद घालतो, काटा आला तर काढतो, आणि दोन्ही वेळा तेवढाच वेळ, तेवढाच खुडबुडाट करतो, नाहीतर आवाजावरनं कळतं. एकच मिनिटभराचा तुकडा दर वेळी. मी "आहे" किंवा "नाही" म्हणायचं, तो वहीत लिहितो. असं १० वेळा. नुसते अंदाज ठोकून १० पैकी ८ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता साधारण साडेपाच टक्के असते, म्हणून मी ९ शिवाय पास देत नाही. कागदाला मला ५ पडले, भारी वायरीला ४. "दादा, तुझ्यापेक्षा नाण्याचे कान चांगले हायत," भावानं तिथंच सांगून टाकलं. अ‍ॅम्प किंवा डीएसी (डिजिटल आवाजाचा अ‍ॅम्पला कळणारा सिग्नल करणारी पेटी) बदलून बघत असाल तर आधी दोन्हीचा व्हॉल्यूम मल्टीमीटर लावून एकसारखा करा, कारण अर्ध्या डेसिबलनं मोठा असलेला आवाज आपल्याला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. दुकानात डेमो देताना हात नॉबवर कुठं जातो ते बघत जावा.

वायरीचं एवढंच सांगतो. इलेक्ट्रिकच्या दुकानातली २.५ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर, स्पीकर पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर, तिचा रेझिस्टन्स ०.०७ ओहमच्या आसपास. समोर स्पीकर ८ ओहमचा. यात बिघडायला काही जागाच नाही. वायर जमिनीपासनं उचलायला शिंप्याकडची दोऱ्याची रिकामी रिळं लावलीत, आवाजात फरक शून्य पण खालनं झाडू जातो म्हणून घरात हा माझा एकमेव लोकप्रिय उद्योग.

मग लोकांना नवी वायर लावल्यावर फरक का ऐकू येतो? बऱ्याचदा वायरीमुळं नाही, जुनी पिन उपसून नवी खोचल्यामुळं. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात पिनांवर थर धरतो, उपसताना तो घासून निघतो. तेव्हा वर्षातनं एकदा, गणपतीच्या आधी म्हणा, सगळं बंद करून प्रत्येक पिन काढायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, परत घालायची. झाला नव्या वायरीचा परिणाम. तेव्हाच स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पकडनं सोडवून त्यांना क्षणभर पेन्सिल सेल लावून बघायचा. प्लसला प्लस लावलं की वूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, पडदा बाहेर येतो. एका स्पीकरचा बाहेर आणि दुसऱ्याचा आत गेला तर कुठंतरी वायर उलटी लागलीय, आणि तसं असेल तर दोन्ही स्पीकरचा बेस एकमेकांना खाऊन टाकतो.

गुणगुण येत असेल, ती ५० हर्ट्झची घुंsss, तर सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. अर्थची पिन कापायची आयडिया कुणी दिली तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. २३० व्होल्टशी असला नाद करायचा नाही.

स्पीकरखालचे टोकदार पाय मी उद्यमनगरात एका टर्नरकडनं पितळेचे करून घेतले, लेथवर बघता बघता झाले. दिसायला नाद खुळा, पण फरशीवर चरे पडले आणि आवाज तोच. स्पीकर डुगडुगायचा थांबला पाहिजे, एवढंच खरं काम. त्याला जुन्या कोल्हापुरी चपलेच्या तळाचे दोन-दोन इंचाचे तुकडे उत्तम, चामडं दबून बरोबर बसतं. पण आईनं बघितलं. "गाणं म्हंजी सरस्वती, आणि तिच्याखाली पायताण घालतोस व्हय रं?" तुकडे त्याच दिवशी निघाले, आता खाली रबर आहे.

खोलीतली हवा राहिली, आणि खरा खजिना तिथंच आहे. जुन्या साड्यांची वाकळ घ्या, जितकी जाड तितकी बरी. ऐकायच्या जागी बसा आणि भावाला बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायला सांगा, जिथं आरशात ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, दिसेल तिथं वाकळ टांगायची, बांबूला अडकवून भिंतीपासनं दोन-तीन इंच सोडून. दुसऱ्या भिंतीवर पण तसंच. ताना एकदम सुट्ट्या सुट्ट्या ऐकू येतात, आधी सगळा गोंगाट व्हायचा. बेसला मात्र वाकळीचा काही उपयोग नाही, त्या लाटा कित्येक फुटांच्या.

आणि त्यातच माझा खर्ज अडकला होता. माझी खोली १० बाय १६ फूट. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, षड्ज धरला तर खर्जाची तार ६९ हर्ट्झला वाजते, आणि आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो म्हटलं तर ७० हर्ट्झची लाट होते बरोबर १६ फुटांची. म्हणजे लांबीत अख्खी लाट मावून ती जागच्या जागी उभी राहते, आणि दोन्ही टोकांच्या भिंतींपासनं चार-चार फुटांवर तिची मोकळी जागा पडते, तिथं ती ऐकूच येत नाही. माझी खुर्ची मागच्या भिंतीपासनं किती? टेप लावली. चार फूट. एवढे पैसे घालवले आणि खुर्ची दोन फूट पुढं ओढल्यावर तानपुरा छातीत वाजायला लागला.

तुमच्या खोलीत गणित करत बसू नका. फोनच्या अ‍ॅपवर तानपुरा लावा, फोन सिस्टीमला जोडा आणि कान बसलेल्या उंचीवर ठेवून गुडघ्यांवर रांगत मागनं पुढं या, खर्ज जिथं भरून येईल तिथं खुर्ची. दार लावून करा, मी रांगत असताना दूधवाला आला होता. जागा सापडली की खुर्चीच्या पायांभोवती खडूनं गोल काढायचे, मी काढलेत, पण आई रोज झाडताना खुर्ची बाजूला घेते आणि खालनं ओरडून सांगते, "तुझा खर्ज भिंतीकडंला ठेवलाय बघ."