क्रोशाच्या जाळीदार टॉपची घरे कमी होत होती: माझा अनुभव

तुळशीबागेतून आणलेल्या सुती दोऱ्याने विणायला घेतलेल्या माझ्या पहिल्या टॉपची पाठ ४० घरांवर (घर म्हणजे जाळीतला एक चौकोन) सुरू झाली, ती बाराव्या ओळीत २९ घरांवर आली होती. सुई बदलली, दोरा सैल धरला, दोनदा सगळे उसवले आणि अगदी रडकुंडीला आले.

चूक कडेला होती. ओळ उलटताना घातलेल्या ४ साखळ्यांपैकी (साखळी म्हणजे सुईने ओढलेला एक साधा फास) पहिल्या ३ म्हणजे एक खांब, म्हणजे घराची उभी बाजू होणारा उंच टाका, आणि चौथी म्हणजे घराचे छत. परतताना मी त्या खांबावर विणतच नव्हते. आता ४ साखळ्या घालून, त्या साखळ्यांच्या बुडाचा खांब सोडून, पुढच्या खांबावर खांब घालते. मग १ साखळी, १ खांब असे शेवटपर्यंत जाऊन, १ साखळी घालून, अखेरचा खांब मागील ओळीच्या ४ साखळ्यांपैकी खालून तिसरीत घालते. ती चटकन दिसत नाही, म्हणून विणतानाच तिच्यात लाल दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवते.