चौदा घरांनी दूध का बंद केलं? संस्थेचा अभ्यास करायची एक रीत

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी सव्वीस वर्षं वाणिज्य शिकवलं. दर मार्चला माझ्या टेबलावर स्पायरल बाइंडिंगचे गठ्ठे यायचे. ‘अमुक सहकारी संस्थेचा आंतरविद्याशाखीय अभ्यास’. उघडलं की प्रकरण दोन आर्थिक पैलू, तीन सामाजिक पैलू, चार राजकीय पैलू, पाच नेतृत्वशैली. हे सगळे पैलू एका घरात राहून अबोला धरलेल्या जावांसारखे. दुसऱ्या प्रकरणातला आकडा चौथ्यात कधी डोकवायचा नाही.

मी स्वतःही असलाच एक प्रबंध लिहिलेला आहे, त्यामुळे पोरांना फार बोलता येत नाही. पण पुढं काही विद्यार्थ्यांबरोबर गावोगावच्या दूध संस्था पालथ्या घातल्या, तेव्हा एक रीत हाताला लागली. ती इतकीच: प्रश्न एक धरायचा, आणि जिथं अडेल तिथं विषय बदलायचा. आधी विषय वाटून घेऊन मग प्रश्न शोधायला निघालात तर पैलूच हाती लागतात.

संस्था लहान निवडा. साखर कारखाना नको. तिथं गेटवरचा वॉचमन तुम्हाला तीन दिवस बसवून ठेवील. गावची दूध संस्था, पतसंस्था, तालीम मंडळ चालेल. स्वतःच्या गावची शक्यतो टाळा. तुम्ही कुणाच्या गटातले, हे तुम्ही तोंड उघडायच्या आधी ठरलेलं असतं. शेजारचं गाव बरं.

प्रश्न असा हवा की तो गावात मोठ्यानं विचारता येईल. ‘नेतृत्वशैलीची परिणामकारकता’ हा प्रश्न पारावर विचारून बघा, लोक चहा मागवतील आणि विषय बदलतील. २०१७ च्या उन्हाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीनं असा प्रश्न घेतला: मार्चपासून चौदा घरांनी संस्थेला दूध घालणं का बंद केलं? तिचीच गोष्ट सांगते, म्हणजे रीत आपोआप कळेल.

तिला म्हटलं, पहिलं एक बिल नुसतं उभी राहा. दूध संस्थेत बिल दर दहा दिवसांनी निघतं, म्हणून आमच्याकडं दहा दिवसांना ‘एक बिल’ म्हणायची सवय लागली. सकाळ-संध्याकाळ संकलनाच्या वेळी जायचं, भिंतीला टेकायचं, काही विचारायचं नाही. वहीच्या पानाला तीन रकाने: दिसलं, ऐकलं, मला वाटलं. तिसरा रकाना वेगळा ठेवलाच पाहिजे, नाहीतर आठवड्यात तो पहिल्या दोन्हींत मिसळून जातो. मानववंशशास्त्रवाले वर्षवर्ष जाऊन राहतात ते याचसाठी. आपल्याला वर्ष मिळत नाही, निदान एक बिल तरी काढावं.

तिच्या वहीत चौथ्या दिवशी एक ओळ होती: ‘दूध आणणारे ३८, त्यात बायका आणि पोरं ३१. पुस्तकावर नावं पुरुषांची.’ सातव्या दिवशी: ‘पोरगा पळी बुडवतो, ढवळत नाही.’ ही दुसरी ओळ तिनं लिहिली आणि विसरली. मीही वाचून पुढं गेले.

दुसऱ्या बिलाला कागद. संस्थेची दप्तरं बघायचा हक्क कायद्यानं सभासदाला आहे, तुम्हाला नाही. म्हणून एखादा सभासद बरोबर घ्या आणि सचिवांना आधी भेटा. चेअरमन नंतर. चेअरमन निवडून येतात आणि जातात, कपाटाची किल्ली सचिवांकडं असते. मागायचं काय? रोजचं संकलन रजिस्टर, बिलाच्या प्रती, सभासद रजिस्टर, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, दोष दुरुस्ती अहवाल (ऑडिटमधले दोष कसे दुरुस्त केले याचा) आणि प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या ठरावांची वही. दोष दुरुस्ती अहवाल कुणी मागत नाही. तो जरूर मागा. तोच दोष तीन वर्षं ‘दुरुस्त केला’ म्हणून लिहिलेला दिसला तर तिथं बोट ठेवून थांबा.

प्रोसिडिंग बुकाबद्दल एक कबुली. माझ्या त्या जुन्या प्रबंधात मी लिहून ठेवलंय की अभ्यासलेल्या संस्थेत पाच वर्षांतले सर्व ठराव सर्वानुमते झाले, यावरून सभासदांत एकोपा दिसतो. एका म्हाताऱ्या सभासद बाईंना मी हे कौतुकानं सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, “बाई, ‘सर्वानुमते’ हे आधी छापून घेतल्यागत आस्तंय. कोण आलं न्हाई ते बघा की.” तेव्हापासून मी ठराव वाचायच्या आधी सह्या वाचते. हे इतिहासाच्या लोकांचं काम: कागद काय म्हणतो याच्या आधी तो कुणी, कधी, कुणासमोर लिहिला ते बघायचं.

तर ती विद्यार्थिनी आणि तिची चौदा घरं. वाणिज्याची असल्यानं ती आधी दराकडं गेली. खासगी गाडीवाल्याचा दर संस्थेपेक्षा जास्त नव्हता. ऑडिट वर्ग ‘अ’. संस्थेची महिन्याची सरासरी फॅट, म्हणजे दुधातला स्निग्धांश, ज्यावर पैसे ठरतात, तीही मागच्या उन्हाळ्याइतकीच. हिशेबात खोट नाही. इथं ती अडली, आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, “मॅडम, नेतृत्वाचा अभाव असं लिहू का?” हे वाक्य मी पंधरा वर्षं ऐकत आले. अडलेल्या गाडीला ‘इंजिनात बिघाड’ म्हटल्यासारखं आहे ते. खोटं नाही, पण गाडी हलत नाही.

म्हटलं, सरासरी सोड, घराघराचं बिल काढ. तिनं दोन दिवस बसून चाळीस घरांची फॅट तारीखवार मांडली. सरासरी शांत होती, पण आत उड्या होत्या. एकाच म्हशीची फॅट आज ६.८, उद्या ५.४. जानेवारीपर्यंत अशा उड्या नव्हत्या. ज्यांची वर गेली ते गप्प, ज्यांची खाली आली ते गेले. सरासरीत दोघांची वजाबाकी झालेली.

जानेवारीत काय झालं होतं? फॅट मोजायचं नवीन मशीन आलं होतं. आता वाणिज्य संपलं. मी तिला सायन्सच्या सरांकडं पाठवलं. त्यांनी अर्ध्या तासात सांगितलं: दूध उभं राहिलं की स्निग्धांश वर येतो. न ढवळता पळी वर बुडवली तर फॅट जास्त लागते, तळाला गेली तर कमी. मशीन खरंच सांगतं, पण पळीतल्या दुधाचं. आणखी एक गोष्ट त्यांनी घातली: शेवटच्या धारेत फॅट सगळ्यात जास्त असते, ती रेडकाला सोडली तर घराला आलेलं दूध पातळ लागतं. दोन घरांवर पाणी घातल्याचा संशय होता, त्यांचं कारण हे निघालं. त्या घरच्या बाईंना विचारल्यावर त्या म्हणाल्या, “चेअरमनला इचारून काय करताय? धार मी काढती.” म्हणजे वहीतली चौथ्या दिवसाची ओळ आणि सातव्या दिवसाची ओळ आता कामाला आल्या.

पण आधी का उड्या नव्हत्या? जुनं मशीन यायच्या आधी, आणि ते आल्यावरही, फॅट काढायला एक वयस्क गृहस्थ होते. ब्युटिरोमीटरच्या, म्हणजे फॅट मोजायच्या काचेच्या नळीच्या, काळातले: नळीत १० मिली सल्फ्युरिक आम्ल, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, हे माप ते झोपेतही सांगत. ते प्रत्येक किटली दोनदा ओतून-ढवळून मगच नमुना घेत. नवीन मशीनला ‘कौशल्य लागत नाही’ म्हणून त्यांना घरी बसवलं आणि पगार वाचवायला एका पोराला ठेवलं.

इथं थोडं थांबून जुन्या अभ्यासांकडं बघायला हरकत नाही. १९५१ मध्ये एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांनी ब्रिटनमधल्या कोळसा खाणींवर लिहिलं. बॅमफोर्थ स्वतः आधी खाणकामगार होते. नवीन यंत्रपद्धत आली, खाणीतल्या जुन्या छोट्या टोळ्या मोडल्या, आणि अपेक्षेएवढं उत्पादन काही वाढेना. ट्रिस्ट यांच्याच, लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. तिथं स्वयंचलित माग बसवूनही काम सुधारत नव्हतं. मागांभोवती कामगारांचे छोटे गट बांधल्यावर फरक पडला. फ्रान्समध्ये समाजशास्त्रज्ञ मिशेल क्रोझिए यांना सरकारी तंबाखू कारखान्यात दिसलं की हुद्द्यानं खालचे दुरुस्ती कामगार खरे वजनदार, कारण यंत्र बंद पडलं तर ते कधी चालू होईल हे फक्त त्यांनाच ठाऊक. आमचे फॅट काढणारे गृहस्थ याच जातीचे. संस्थेच्या तक्त्यावर त्यांचं नाव सगळ्यात खाली होतं. नेता शोधायचा तर खुर्ची बघू नका. कुणाच्या शब्दावर लोक आपला तोटा मुकाट सोसतात ते बघा. ‘त्यांनी सांगितली ना फॅट, मग आसंल’ असं लोक म्हणायचे.

एक प्रश्न मात्र उरलाच. चाळीसपैकी ही चौदाच का? तिनं गावाचा नकाशा हातानं काढला. सगळी चौदा ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची. मधल्या काळात संकलनाची वेळ सहावरून साडेसहा झालेली. वस्तीवरच्या बायकांना पुढं रानात मजुरीला जायचं असल्यानं धार पाचलाच निघायची, मग दूध दीड तास उभं. वेळेचा ठराव अर्थातच सर्वानुमते. सह्यांत वस्तीवरचं कुणी नाही. का नाही, तर सभासद रजिस्टरात वस्तीवरचे बहुतेक शेअर्स वारलेल्या बापांच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही. सहकारात एक सभासद एक मत. पण सभासद हयात नसेल आणि वारस लागला नसेल तर मत कुणाचं? त्यांचं म्हणणं आजवर पोचायचं ते त्या फॅटवाल्या गृहस्थांमार्फत. तेही त्याच वस्तीवरचे. तो दुवा गेला.

बघा, एकच प्रश्न. हिशेब, रसायन, बायकांची वेळ, नकाशा, कायदा. कुठलाही विषय ‘पैलू’ म्हणून आला नाही. आधीचा थकला म्हणून पुढचा आला. तुमची प्रकरणंही त्याच क्रमानं लिहा, जसं अडलात तसं. परीक्षक कुरकुरतात. कुरकुरू द्या.

प्रश्नावलीबद्दल दोन शब्द, कारण विभागप्रमुख ती मागतातच. ‘माझे नेते मला प्रेरित करतात: पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत’ असले इंग्रजीतून उचललेले फॉर्म एकदा आम्ही वाटले. वाटायला चेअरमनच्या पुतण्यानं मदत केली. सगळे पूर्णतः सहमत. त्यापेक्षा विचारा: “मागच्या वेळी बिलात चूक वाटली तेव्हा आधी कुणाकडं गेलात?” तीस घरांना विचारा, नावं मोजा. मानसशास्त्र आणि समाजशास्त्र दोन्ही त्या एका प्रश्नात बसतात. घरात विचारताना धार काढणाऱ्या माणसाला विचारा, पुस्तकावरच्या नावाला नव्हे. आणि संध्याकाळी पाच ते सात जाऊ नका, तेव्हा त्यांचा जीव गोठ्यात असतो.

शेवटी संस्थेला दोन पानं मराठीत द्या, प्रबंध नको. कुणाचं घर, कुणाचा आकडा ओळखू येईल असं काही ठेवू नका. गाव लहान असतं. आमच्या दोन पानांत तीनच गोष्टी होत्या: ढवळायची पळी, सहाची वेळ, वारसनोंदीचे अर्ज. सचिवांनी वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, “पळीचं काय, उद्याच आणतो.” वेळ बदलायला गणपती उजाडले.

चौदापैकी नऊ घरं परतली. उरलेल्या पाचांपैकी दोघांनी म्हशी विकल्या होत्या. तिघं अजून खासगी गाडीला घालतात, दर तोच असून. तिथं पैसे रोख आणि बाईच्या हातात मिळतात, पुस्तकावरच्या नावाला नाही. हा प्रश्न मी पुढच्या वर्षीच्या मुलीला दिला.